ओ फॉर ओमा

तापमान काबूत ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि माझ्या सासू-सासऱ्यांनी जर्मनीतल्या त्यांच्या पहिल्या जानेवारीतला अख्खा आठवडा कानटोप्या घालून झोपून काढला तो माझ्यामुळे.

दोन्ही विधानं खरी आहेत. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत, गाडीचं इंजिन किती तापू द्यायचं हे ठरवणाऱ्या विभागात मी काम करते. पाणी कधी फिरवायचं, पंखा कधी लावायचा, कधी गप्प बसायचं, हे आमची टीम ठरवते. उणे तीस अंशांत गाडी कशी सुरू होईल हे मी पन्नास लोकांसमोर उभी राहून सांगू शकते. अधिक एकवीस अंशांवर दिवाणखाना कसा राहील, हे मात्र... असो. क्रमाने सांगते.

२०१३-१४ चा हिवाळा. मी आणि माझा नवरा समीर एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, शेवटच्या स्टेशनवर उतरायचं आणि पंधरा मिनिटं नुसता चढ चढायचा. (पाहुणे दारात आले की पहिली पाच मिनिटं फक्त श्वास घेत.) खालच्या मजल्यावर मालकीणबाई राहायच्या, फ्राऊ (म्हणजे श्रीमती) लिंडनर. वय चौऱ्याहत्तर, एकट्या, ताठ. जिना पुसायची आमची पाळी झाली की त्या चष्मा लावून कोपरे तपासायच्या. त्यांचे नातू सुट्टीत आले की दिवसभर "ओमा, ओमा" चालायचं, म्हणजे "आजी, आजी". त्यामुळे आम्हीही त्यांना आपसात ओमाच म्हणायचो. तोंडावर अर्थात फ्राऊ लिंडनर.

हे घर आम्हाला आठ महिने वणवण केल्यावर मिळालं होतं. स्टुटगार्टमध्ये भाड्याचं घर मिळवणं म्हणजे स्थळ बघण्यासारखंच असतं. पगाराची स्लिप दाखवा, आधीच्या मालकाचं शिफारसपत्र दाखवा, सोफ्याच्या कडेवर बसून गोड हसा, आणि शेवटी काय, तर 'कळवतो'. म्हणून ओमांना नाराज करायचं नाही, हा आमच्या संसाराचा पहिला नियम होता.

समीर तेव्हा विद्यापीठात झाडांच्या मुळांवर डॉक्टरेट करत होता. जमिनीखालच्या गोष्टींत त्याचा हात धरणारा कोणी नाही. जमिनीवरच्या सगळ्या गोष्टी माझ्याकडे.

अशा या घरात डिसेंबरात सांगलीहून आई आणि बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, तीन महिन्यांसाठी आले. आई कुठेही रमतात. विणायच्या सुया आणि लोकर मिळाली की झालं. प्रश्न बाबांचा होता. बाबा वीज मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि ज्युनियर इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. खिशात टेस्टर असल्याशिवाय त्यांना शर्ट घातल्यासारखं वाटत नाही. आणि जर्मनीत काही बिघडतच नाही. पंधरा दिवसांत त्यांनी आमच्या घरातले होते नव्हते ते सगळे स्क्रू आवळून संपवले. मग खिडकीत बसून रस्त्यावरच्या दिव्यांकडे बघत राहायचे.

"एक पण दिवा जात नाही बघ," ते उदास होऊन म्हणायचे.

त्यांच्या नशिबाने आमच्या घराला एक दुखणं होतं. आई-बाबांची झोपायची सोय दिवाणखान्यातल्या सोफा-कम-बेडवर होती आणि घरातली सगळ्यात गार खोली नेमकी तीच. कारण घराचं तापमान ओळखणारा थर्मोस्टॅट, म्हणजे भिंतीवरची एक गोल, पिवळट पडलेली डबी, कोणीतरी पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर बसवली होती. पॅसेज इवलासा. तिथला रेडिएटर, म्हणजे गरम पाणी फिरणारा भिंतीवरचा लोखंडी पत्रा, दहा मिनिटांत त्याला तापवायचा. डबीला वाटायचं, झालं, घर तापलं. मग ती तळघरातल्या बॉयलरला सांगायची, बस कर. दिवाणखाना बिचारा अठरा अंशांवर वाट बघत राहायचा. आमच्या घरात सगळ्यात सुखात राहत होत्या त्या चपला.

"सेन्सर चुकीच्या जागी आहे," मी एकदा जेवताना म्हणाले. "थर्मोस्टॅट दिवाणखान्यात पाहिजे."

बाबांनी घास खाली ठेवला. "मग हलवू की."

"भाडेकरारात लिहिलंय," समीर म्हणाला, "हायझुंगला फक्त तज्ज्ञ माणसानेच हात लावायचा." (हायझुंग म्हणजे घर तापवायची सगळी यंत्रणा. आमचा करार चौदा पानांचा होता आणि त्यातली दोन पानं हायझुंगला वाहिलेली होती.)

"मग मी कोण आहे?" मी विचारलं.

"आणि मी?" बाबांनी विचारलं.

समीर पुन्हा वरणभाताकडे वळला.

"त्या खालच्या बाईंना एकदा विचारा तरी," आई म्हणाल्या.

विचारायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण विचारलं असतं तर त्यांनी मिस्त्री बोलावला असता, मिस्त्रीने चार आठवड्यांनंतरची वेळ दिली असती, आणि बाबांच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा आलेला उजेड परत मावळला असता. शिवाय खरं सांगायचं तर मलाही ते काम करायचंच होतं. दिवसभर कॉम्प्युटरवर तापमान सांभाळणाऱ्या बाईला कधीतरी हातात स्क्रूड्रायव्हर घ्यावासा वाटतो. मी दुकानातून छोटा पडदा असलेला नवा डिजिटल थर्मोस्टॅट आणि वीस मीटर केबल घेऊन आले.

शनिवारी दहा ते बारा ओमा चर्चच्या गायनवर्गाला जायच्या. दहा वाजून दोन मिनिटांनी आमचं काम सुरू झालं.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक जुनं, न वापरातलं धुराडं होतं, थेट तळघरापर्यंत जाणारं. बाबांनी दोरीला एक जाड नट बांधला, धुराड्याचं लोखंडी दार उघडलं आणि नट आत सोडला. समीर तळघरात, खालच्या दारातून हात आत घालून उभा. मी जिन्यात, निरोप पोचवायला.

"आलं का?" बाबा वरून ओरडले.

"काजळी आली," समीर खालून ओरडला.

"नट आला का विचार."

"बाबा विचारतायत, नट आला का?"

"काहीतरी मऊ लागतंय हाताला. बहुतेक जुनं घरटं आहे."

(हे सगळं गुप्तपणे चाललं होतं, हे लक्षात असू द्या. समोरच्या घरातले आजोबा कुत्र्याला घेऊन गेटपाशी थांबले होते.)

शेवटी नट आला, दोरीमागून केबल आली, आणि बाबा आणि मी तळघरात उतरलो. तिथे भिंतीवर दोन बॉयलर शेजारी शेजारी टांगलेले. एक ओमांचा, एक आमचा. जुळ्या भावांसारखे अगदी एकसारखे. एकावर इंग्रजी 'ई' अक्षराचं स्टिकर, दुसऱ्यावर 'ओ'.

"यातला आपला कुठला?" बाबांनी विचारलं.

मी क्षणभर विचार केला. अगदी क्षणभर. "ओ म्हणजे ओमा. तो त्यांचा. ई म्हणजे एटाजे. एटाजे म्हणजे मजला. मजल्यावर आपण राहतो. ई आपला."

"नक्की ना?"

"बाबा, मी सहा वर्षं जर्मन बोलतेय."

बाबांनी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून बघितलं, पुन्हा एकदा लावून बघितलं, मग 'ई' बॉयलरचं झाकण उघडलं. जुन्या थर्मोस्टॅटच्या दोन वायरी सोडवल्या, टोकांना टेप गुंडाळली आणि आमच्या नव्या केबलच्या दोन वायरी त्या जागी बसवल्या. वर जाऊन पॅसेजमधली पिवळट डबी काढून टाकली आणि तिच्याही वायरींची टोकं टेप लावून बंद केली. बाबांचं काम बघत राहावं असं होतं. वायर सोलताना आतल्या तांब्याला एक ओरखडा नाही. मी नव्या थर्मोस्टॅटवर बावीस अंश लावले. टक् असा आवाज झाला, पडद्यावर ज्योतीचं चित्र आलं, आणि खालून समीर ओरडला, "पेटला!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग टेस्टर खिशात असा ठेवला, जसा एखादा पैलवान आखाड्यातून बाहेर येताना खांद्यावर पंचा टाकतो. आईंनी त्या आनंदात शिरा केला.

संध्याकाळी दिवाणखान्यात सतरा अंश होते.

"यंत्रणेला वेळ लागतो," मी सांगितलं. "एवढं मोठं घर, एवढं पाणी."

रविवारी सकाळी सोळा. पडद्यावर ज्योतीचं चित्र मात्र अखंड तेवत होतं. मी बावीसचे चोवीस केले. दुपारी रेडिएटरला हात लावून बघितला तर तो कुलुपासारखा थंड. "आत हवा अडकली असणार," मी जाहीर केलं आणि किल्लीने रेडिएटरची हवा काढायला बसले. हवा आली नाही. काळं पाणी आलं, तेही पिचकारीने, थेट माझ्या पांढऱ्या टी-शर्टवर.

"नळाला तर कढत पाणी येतंय," समीर म्हणाला.

"बघ, म्हणजे बॉयलर ठणठणीत आहे," मी म्हणाले. या वाक्यात काहीही चूक नव्हती. आमचा बॉयलर खरंच ठणठणीत होता. फक्त त्याला घर तापव असं सांगणारं आता जगात कोणी उरलं नव्हतं.

सोमवारी मी चोवीसचे सव्वीस केले. दिवाणखाना पंधरावर. बाबा मफलर गुंडाळून दिवसातून चार वेळा सगळ्या जोडण्या तपासायचे आणि दर वेळी म्हणायचे, "आपल्या कामात दोष नाही." आई सोफ्यावरून उठल्या आणि गादी खाली जमिनीवर घातली.

"आई, खाली कशाला? आणखी गार लागेल."

"नाही गं. जमीन छान कोमट आहे."

"लाकडी फ्लोअरिंग आहे ना, लाकूड उबदार वाटतंच," मी म्हणाले आणि ऑफिसला गेले. त्या दिवशी ऑफिसात दोन डिग्रीचा फरक वेळेवर लक्षात आला नाही म्हणून मी एका सहकाऱ्याला बरंच ऐकवलं.

गल्लीतून घराकडे बघितलं तर ओमांच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या दिसायच्या. बाहेर बर्फ. पण जर्मन माणसाने थंडीत खिडक्या उघडल्या यात काय विशेष? घरात ताजी हवा घेणं हे इथे सकाळच्या पूजेसारखं असतं. जिन्यात एकदा ओमा भेटल्या. अर्ध्या बाह्यांचा ब्लाऊज, चेहरा लालबुंद. मी हातमोजे घालून घरातूनच बाहेर निघाले होते.

"हवा बदललीय, फ्राऊ देझाई, नाही का?" त्या म्हणाल्या. (देसाईंचं देझाई होणं मी केव्हाच मान्य केलंय.)

"गेनाऊ," मी म्हणाले. अगदी बरोबर. आणि दात वाजू नयेत म्हणून भराभर उतरले.

संक्रांत आली. आई तिळाचे लाडू वाटीत घालून एकट्याच खाली गेल्या. त्यांना जर्मन येत नाही, ओमांना मराठी येत नाही, म्हणून मी म्हणाले होते की संध्याकाळी बरोबर येते. पण आई दुपारी गेल्या त्या तीन तासांनी परत आल्या, गाल गुलाबी, शाल हातावर.

"किती अगत्याची बाई आहे," त्या म्हणाल्या. "दार उघडल्याबरोबर म्हणाली, 'या, या'. मग मी गेले आत."

मी सांगणार होते की जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो'. 'या, या' म्हणजे 'बरं, बरं'. बहुधा 'बरं, ठेवा इथे' अशा अर्थाचं. पण त्यांचा चेहरा बघून राहू दिलं.

त्या दिवसापासून आई रोज दुपारी विणकाम घेऊन खाली जाऊ लागल्या. ओमाही विणायच्या. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या, आणि कोणाचं कोणावाचून अडायचं नाही.

"खाली काय सुरेख उबदार आहे," आई रोज येऊन सांगायच्या.

"आई, असं वाटतं तुम्हाला," मी सांगायचे. "उष्णता नेहमी वर जाते. खालच्यापेक्षा वरचा मजलाच गरम असतो."

"असेल बाई," आई म्हणाल्या. "अजून निघाली नसेल."

गुरुवारी मी अठ्ठावीस लावले. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तेव्हा आम्हा तिघांच्या अंगावर बाहेरची जॅकेटं होती आणि आमटीची वाफ एखाद्या कारखान्यासारखी वर चढत होती. बाबा म्हणत होते, नवा थर्मोस्टॅटच सदोष निघाला. मी म्हणत होते, बॉयलरच्या पंपाचा दोष असणार. समीर म्हणत होता, आता ओमांना सांगून टाकू. आई नुकत्याच खालून आल्या होत्या. त्यांच्या अंगावर फक्त सुती साडी.

"त्या बाईंचं काहीतरी बिनसलंय गं," त्या ताट वाढून घेत म्हणाल्या. "काल डॉक्टरकडे जाऊन आल्या. अंगाची नुसती लाही होते म्हणाल्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पेपराने वारा घालून दाखवला. डॉक्टरने बीपी बघितलं, काही सापडलं नाही. घाबरल्यात बिचाऱ्या. नवऱ्याचा फोटो दाखवला, मग छातीवर हात ठेवला. तो असाच गेला असणार, हृदयाने." त्यांनी भाताचा एक घास घेतला. "आज मला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. तुमच्या पॅसेजमध्ये होती ना, तसलीच डबी आहे त्यांच्याकडे. बटण फिरवून शून्यावर आणलं, आणि रेडिएटरला माझा हात लावला. चटका बसला मला. मिस्त्रीला तातडीने बोलावलेलं दिसतंय, कॅलेंडरवर सोमवार दाखवून पाना फिरवल्यासारखा हात केला."

मी आमटी ढवळायला लागले.

"मृणाल," आई म्हणाल्या, "मला यातलं कळत नाही. पण तुमचं ते नवीन यंत्र त्यांच्या घराला तर नाही ना लावलंय?"

बाबांनी हातातली भाकरी अगदी सावकाश ताटात ठेवली. समीर माझ्याकडे बघत होता. मी आमटीकडे बघत होते. आमटीला यातलं काही माहीत नव्हतं.

"तपासून बघू," मी म्हणाले. शास्त्रीय पद्धत कधी सोडायची नाही.

आई राहिलेली लोकर आणण्याच्या निमित्ताने परत खाली गेल्या. मी थर्मोस्टॅट अठ्ठावीसवरून पाचवर आणला. टक् झालं, ज्योत विझली. आम्ही तिघं जिन्याच्या तोंडाशी उभे राहिलो. पंधरा मिनिटं गेली. खालचं दार किलकिलं झालं आणि आईंचा आवाज आला, शुद्ध मराठीत, त्यामुळे अत्यंत गुप्त:

"अगं, गार व्हायला लागलं."

मी परत वाढवलं. दहा मिनिटांनी पुन्हा आवाज आला.

"तापलं. आणि त्या कॉफी करतायत, मी पिऊन येते."

मी पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटाला टेकून खाली बसले. ई म्हणजे एटाजे नव्हतं. ई म्हणजे एर्डगेशॉस, तळमजला. आणि ओ म्हणजे ओबरगेशॉस. वरचा मजला. आम्ही. हे शब्द मी लिफ्टमध्ये रोज वाचते. ओमांनी स्वतःच्या बॉयलरवर 'आजी' असं स्टिकर का लावलं असेल, हा प्रश्न मला सहा दिवसांत एकदाही पडला नव्हता. आमचं घर गार, म्हणून माझा थर्मोस्टॅट आणखी उष्णता मागायचा, ती सगळी ओमांना मिळायची, आमचं घर आणखी गार व्हायचं, आणि मी आणखी वाढवायचे. असा गोंधळ होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, यावर मी कंपनीत नव्या लोकांना दोन तासांचं व्याख्यान देते.

यंत्र मी लगेच पाचवर आणून ठेवलं. त्या एका बटणाने निदान ओमांची सुटका झाली, असं मला वाटलं. मग रात्रभर वाईट वाटत राहिलं, ते डॉक्टरच्या गोष्टीचं.

"आज त्या काही गाण्याला जायच्या नाहीत, पण उद्या रविवारी चर्च चुकवायच्या नाहीत, तेव्हा गुपचूप वायरी बदलू," बाबा सकाळी म्हणाले. "पंधरा मिनिटांचं काम. मिस्त्री आला की त्याला सगळं ठीक दिसेल."

"अहो, आणि त्या बाईंनी आयुष्यभर हृदय धरून बसायचं?" आई म्हणाल्या.

खरं सांगते, मी बाबांच्या बाजूने होते. आठ महिन्यांची वणवण डोळ्यांसमोर नाचत होती. वायरी आधी बदलू, डॉक्टरच्या गोष्टीचं नंतर काहीतरी बघू, असं ठरवून रविवारी दहाला मी आणि बाबा चोरपावलांनी तळघरात उतरलो. बाबांच्या हातात स्क्रूड्रायव्हर, माझ्या हातात टॉर्च. दिवा आधीच लागलेला होता. दोन बॉयलरच्या बरोबर समोर, घडीच्या खुर्चीवर, बिनबाह्यांचा फुलाफुलांचा फ्रॉक घालून ओमा मासिक वाचत बसल्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "आठवडाभर रोज सकाळी मी इथेच बसते. घरात एवढा गारवा असलेली दुसरी जागा नाही. वर आता बरं वाटतंय, पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?" मग त्यांची नजर स्क्रूड्रायव्हरकडे गेली.

मला खोटं सुचलं नाही असं नाही. दोन सुचली. पण जर्मनमध्ये खोटं बोलायला आधी प्रत्येक शब्दाचं लिंग आठवावं लागतं, आणि तिथपर्यंत पोचायच्या आत माझा धीर सुटतो. मी सगळं सांगितलं. शनिवार, धुराडं, ई, ओ, सव्वीस, अठ्ठावीस. बाबा शेजारी मान खाली घालून उभे, जणू वीज मंडळाची चौकशी समिती बसलीय.

ओमांनी मासिक मिटलं.

"म्हणजे माझं ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं?"

"नाही."

"आणि मला काही झालेलं नाही?"

"काही नाही, फ्राऊ लिंडनर. तुम्हाला फक्त मी झाले होते."

ओमांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, आणि पहिली दोन मिनिटं खरंच रडत होत्या. मग त्या हसायला लागल्या, ते मासिक खाली पडेपर्यंत. हसता हसता एकदम उठून उभ्या राहिल्या, आणि थबकल्या. गुडघ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे बघा. खुर्चीला न धरता. तीन वर्षांत पहिल्यांदा." आयुष्यभर काटकसरीने घर सतरा अंशांवर ठेवणाऱ्या त्या बाईंचे गुडघे एका आठवड्याच्या उन्हाळ्यात मोकळे झाले होते.

बाबांनी तेवढ्यात स्क्रूड्रायव्हर पुढे केला आणि बॉयलरकडे खूण केली. करू का आता?

"नाइन," ओमा म्हणाल्या. हा 'नाही' बाबांनाही कळला. "माझ्या तळघरात आता मिस्त्रीशिवाय कोणी कशाला हात लावणार नाही. तोपर्यंत तुम्ही वर जाऊन बटण चोवीसवर लावा आणि सगळे माझ्याकडे या."

तो रविवार आम्ही ओमांच्या घरी काढला. बाबा आठवड्यात पहिल्यांदा शर्टाच्या बाह्या दुमडून बसले. ओमांनी बटाट्याचं सॅलड केलं, आईंनी त्यावर हळूच फोडणी घातली, आणि ओमांनी दोनदा वाढून घेतलं. मध्येच गार वाटलं की त्या छताकडे बोट दाखवून म्हणायच्या, "फ्राऊ देझाई, एक डिग्री", आणि मी जिना चढून वर जाऊन एक डिग्री वाढवून यायचे. पाच वेळा गेले.

सोमवारी मिस्त्री आला. आडदांड, मिशाळ, अबोल. त्याने 'ई'चं झाकण उघडलं, बाबांची जोडणी टॉर्चने निरखून बघितली आणि मान डोलावली.

"झाउबर," तो म्हणाला.

"काय म्हणतो?" बाबांनी अधीर होऊन विचारलं.

"म्हणतो, इतकं स्वच्छ काम फार कमी बघायला मिळतं."

मिस्त्री त्यापुढेही बोलला. तो म्हणाला की काम सुंदर आहे, पण चुकीच्या बॉयलरवर आहे, आणि कुठला बॉयलर हे ज्याने कोणी ठरवलं त्याला घरातल्या टोस्टरजवळसुद्धा जाऊ देऊ नका. ते मी भाषांतरित केलं नाही. बाबा अजूनही सांगलीत लोकांना सांगतात की जर्मन मिस्त्रीने त्यांच्या वायरिंगपुढे मान झुकवली.

दोन्ही घरं आपापल्या बॉयलरला परत जोडली गेली. आमचा थर्मोस्टॅट ओमांनी दिवाणखान्यातच राहू दिला. स्वतःच्या घरी त्यांनी तेवीस कायम केलं. मार्चमध्ये आई-बाबा परत गेले, तेव्हा विमानतळावर ओमा आईंना म्हणाल्या, "या, या," आणि या वेळी तो अर्थ मलाही मराठीतलाच वाटला.

पुढच्या आठवड्यात ओमांनी मला खाली बोलावलं. टेबलावर भाडेकरार होता, आणि त्याला जोडलेलं एक नवं पान. पानावर एकच कलम होतं, त्यांच्या तिरप्या, नीटस अक्षरात: हायझुंगसंबंधी कोणताही निर्णय घेण्याआधी भाडेकरूने आपल्या सासूबाईंचा सल्ला घेणे बंधनकारक राहील.

मी सही केली. जर्मनीत सही केली की पाळावं लागतं. त्यामुळे आजही घरात गारठा वाटला की गाड्यांची तापमानतज्ज्ञ मृणाल देसाई सगळ्यात आधी सांगलीला फोन लावते, बाहेर किती अंश आहेत, आत किती आहेत, भिंतींची जाडी काय, सगळं सविस्तर सांगते, आणि तिकडून आई शांतपणे म्हणतात, "स्वेटर घाल."